स्केलवर तीन मीटर, फोटोत चेहरा सॉफ्ट: घोळ नेमका कुठे?

बेळगावात शिवजयंतीच्या चित्ररथांची मिरवणूक झाली की पुढच्या दोन-चार दिवसांत कुणीतरी लेन्स घेऊन माझ्या दारात उभा असतोच. वाक्यही ठरलेलं. "काका, फोकस बरोबर लावला होता वो. तीन मीटरवर. तरी सगळे चेहरे सॉफ्ट आलेत." सॉफ्ट म्हणजे धुरकट.

मी दुरुस्तीवाला नव्हे. लग्नं, जत्रा, कुस्तीची मैदानं यांचे फोटो काढत आलोय आणि फिल्मच्या काळात लेन्सवरच्या आकड्यांवरच पोट भरलंय. मशालीचा धूर, गुलाल, डोळ्यांत येणारे हॅलोजन यांच्यात ऑटोफोकस पुढे-मागे घिरट्या घालत बसतो, म्हणून पोरं आता पुन्हा लेन्सच्या अंतर-स्केलकडे, म्हणजे रिंगवर कोरलेल्या अंतराच्या आकड्यांकडे, वळलीत. चांगलंच आहे. पण फोटो बिघडला की सगळे लेन्सला दोष देतात. माझ्याकडे आलेल्यांतल्या बहुतेक लेन्स धडधाकट निघाल्या. म्हणून मी कसं तपासतो ते क्रमाने लिहितोय. आधी फुकटचं, मग दहा मिनिटांचं, मग खर्चाचं.

आधी लक्षण नीट बघा

फोटो कॉम्प्युटरवर शंभर टक्के मोठा करा आणि चेहरा सोडून बाकीचं बघा. कुठेच काही शार्प नसेल, दिव्यांच्या रेघा ओढल्या गेल्या असतील, तर तो फोकसचा दोष नाही. हात हलला किंवा लेझीमवाला हलला. शटर १/६० वर ठेवून नाचणाऱ्याचा फोटो काढलात तर स्केलने काय करायचं? शटरचा वेग वाढवा आणि पुढचं वाचू नका.

चेहरा सॉफ्ट, पण मागच्या दुकानाची पाटी लख्ख वाचता येते, किंवा उलट, पुढच्या माणसाची टोपी शार्प: हा खरा फोकसचा घोळ. तो दर वेळी एकाच बाजूला जातो का, ते बघा. दर वेळी मागेच जात असेल तर कारण ठरावीक आहे आणि सापडतं. कधी मागे, कधी पुढे होत असेल तर बहुधा अंतराचा अंदाज चुकतोय किंवा रिंग जागची हलतेय.

तिसरं लक्षण अनंताचं. रिंग शेवटपर्यंत आडव्या आठावर, म्हणजे अनंताच्या (खूप लांबच्या फोकसच्या) खुणेवर नेली, तरी लांबचा डोंगर सॉफ्ट. किंचित मागे आणली की शार्प. आणि चौथं, मला सगळ्यात जास्त छळणारं: पहिले पाच फोटो उत्तम, सहाव्यापासून बिघाड, आणि पोरगा शपथेवर सांगतो की मी हातच लावला नाही.

फूट की मीटर

हसू नका. हा घोळ मी स्वतः घातलाय.

जुन्या लेन्सवर आकड्यांच्या दोन ओळी असतात. एक फुटांची, एक मीटरची, रंग वेगवेगळे. आपल्याकडे खोली, प्लॉट, मंडप सगळं फुटात बोललं जातं. एका लग्नात माझा मदतनीस अंतर मोजून ओरडला, "दहा!" बॅंडच्या आवाजात मला तेवढंच ऐकू आलं आणि मी पांढऱ्या ओळीतल्या १० वर रिंग नेली. त्याचे दहा फूट होते, म्हणजे ३ मीटर. मी लावले १० मीटर. ५० मिमीची लेन्स, अ‍ॅपर्चर एफ/४. अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत घेणारं भोक, एफचा आकडा लहान तितकं ते मोठं. अशा वेळी साधारण पावणेसात मीटरच्या अलीकडचं काहीही शार्प येत नाही. अंतरपाट, नवरा, नवरी, भटजी, चौघेही धुरकट. मागे लटकवलेल्या पडद्याची जर मात्र एकेक तार मोजता येईल अशी. त्या दिवसापासून आमच्यात नुसता आकडा म्हणायची बंदी आहे. "दहा फूट" असंच म्हणायचं.

तेवढ्यातच आणखी एक बघून घ्या. आकडा कुठल्या खुणेसमोर आणलाय? मधली मुख्य रेघ सोडून बाजूला एखादा लाल ठिपका किंवा लाल रेघ असते. ती इन्फ्रारेड फिल्मसाठीची. अंधारात तीच आधी दिसते आणि लोक आकडा तिच्यासमोर आणतात.

ऑटोफोकस खरंच बंद आहे का

स्विच बघा. लेन्सवरचा आणि बॉडीवरचा, दोन्ही. हल्लीच्या बऱ्याच लेन्समध्ये ऑटोफोकस चालू असतानाही रिंग हाताने फिरवता येते. तुम्ही मनापासून ३ मीटर लावता, बटण अर्धं दाबता आणि कॅमेरा तुमची मेहनत पुसून स्वतःचा फोकस शोधायला निघतो. "पहिला फोटो बरा, नंतरचे बिघडले" यातली निम्मी प्रकरणं इथेच मिटतात. एक पैसाही लागत नाही.

अंतर कुठून मोजता?

लेन्सच्या काचेपासून नाही. स्केलवरचा आकडा सेन्सरपासून, म्हणजे जिथे पूर्वी फिल्म असायची त्या पातळीपासून मोजलेला असतो. बॉडीच्या वरच्या बाजूला एक छोटा गोल आणि त्याला आरपार जाणारी रेघ कोरलेली असते. ती रेघ म्हणजे सेन्सरची जागा. सिनेमाच्या कॅमेऱ्यांवर याच पातळीवर टेप अडकवायला हूक दिलेला असतो. फोकस ओढणारा मदतनीस तिथे टेप लावतो आणि नटाच्या डोळ्यापर्यंत नेतो.

तीन-पाच मीटरवर काच आणि सेन्सर यांच्यातल्या या दहा-बारा सेंटिमीटरने फारसं बिघडत नाही. पण मंगळसूत्र, अंगठी, मेंदीचा हात असे अर्ध्या मीटरवरचे फोटो काढताना काचेपासून मोजलंत तर गेलात. ५० मिमीच्या साध्या लेन्सचं कमीत कमी अंतर ४५ सेंटिमीटरच्या आसपास असतं. त्यातले दहा सेंटिमीटर चुकले तर उरतं काय?

तुमचा अंदाज किती चुकतो ते मोजा

"तीन मीटर" म्हणून मनात जे अंतर धरतो ते बहुतेकांचं तीन नसतं. हे समजायला दुकानात जायची गरज नाही. घरातल्या हॉलमध्ये दोन फुटी व्हिट्रिफाइड फरशी असेल तर पाच फरश्या म्हणजे ३ मीटर. एका फटीवर उभे राहा, पाचव्या फरशीच्या शेवटी स्टूल ठेवा आणि डोळे भरून ते अंतर बघा. मग आठ फरश्या. हे जवळपास पाच मीटर. दोन-चार संध्याकाळी असं केलंत की रस्त्यावरही डोळ्याला फरश्या दिसायला लागतात. जुन्या घरात शहाबादी असेल तर मात्र टेप लावा. ती कुठल्याही मापाची असते.

दुसरी युक्ती फ्रेमची. फुल फ्रेम बॉडीवर (सेन्सर जुन्या ३५ मिमी फिल्मएवढा) ५० मिमी लेन्स लावून कॅमेरा उभा धरा. साडेपाच फुटी माणूस पायापासून डोक्यापर्यंत फ्रेमचा पाऊणहून थोडा जास्त भाग भरतो, तेव्हा तो ३ मीटरवर आहे. डोकं वर आणि पाय खाली टेकले तर तो सव्वादोन-अडीच मीटरवर आलाय. गर्दीत टेप काढता येत नाही, पण ही मोजणी व्ह्यूफाइंडरमधून डोळा न काढता होते.

आता एक गोष्ट, जी फार कमी जण लक्षात घेतात. स्केलवरच्या दोन आकड्यांच्या बरोबर मध्ये त्यांची सरासरी नसते. ३ आणि ५ च्या मधोमध ४ नाही, पावणेचार. ५ आणि अनंत यांच्या मधोमध १० मीटर. ३ आणि अनंताच्या मधोमध ६. कारण जुन्या साध्या लेन्समध्ये रिंग फिरवली की काच पुढे सरकते आणि तिचं सरकणं अंतराच्या उलट प्रमाणात असतं. वस्तू लांब जाईल तसं सरकणं झपाट्याने कमी होतं. म्हणून जवळचे आकडे ऐसपैस आणि लांबचे दाटीवाटीने बसलेले दिसतात. चार मीटरसाठी तुम्ही ३ आणि ५ चा मध्य धरत असाल तर दर वेळी थोडं अलीकडे फोकस करताय. ऑटोफोकसच्या काही लेन्समध्ये आतली चाल वेगळी असते, तिथे हा हिशेब तंतोतंत लागू पडेलच असं नाही. जुन्या धातूच्या लेन्सवर पडतो.

अ‍ॅपर्चरच्या रेघांवर आंधळा विश्वास

इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे. दोष नसलेली लेन्स सगळ्यात जास्त याच कारणाने माझ्याकडे येते.

जुन्या लेन्सवर मुख्य खुणेच्या दोन्ही बाजूंना ४, ८, ११, १६ अशा जोड्या असतात. एफ/८ वर फोटो काढताय तर डावीकडच्या ८ पासून उजवीकडच्या ८ पर्यंत जे अंतर येतं तेवढं शार्प, असा त्यांचा अर्थ. खरा आहे, पण त्याला अट आहे. या रेघा आखताना फिल्मवर साधारण ०.०३ मिलिमीटरचा ठिपका "शार्प" धरलेला असतो. तो हिशेब हातात धरून बघायच्या प्रिंटचा. आज २४ मेगापिक्सेलचा फोटो आपण स्क्रीनवर शंभर टक्के मोठा करून नाक लावून बघतो. रेघेच्या टोकाला असलेला चेहरा तिथे सॉफ्टच दिसणार. लेन्सने शब्द पाळलेला असतो. तुम्ही तिच्याकडे न बोललेलं मागताय.

उपाय सोपा. काढताय एफ/८ वर, तर रेघा एफ/४ च्या बघा. दोन स्टॉप, म्हणजे अ‍ॅपर्चरचे दोन टप्पे, आत. कॅमेरा दीडपट क्रॉपवाला, म्हणजे लहान सेन्सरचा, असेल तर छोट्या प्रिंटसाठीसुद्धा निदान एक स्टॉप आत यायलाच हवं. तोच फोटो जास्त मोठा करावा लागतो ना.

कुस्तीच्या मैदानात मी हे असं वापरतो. फुल फ्रेमवर २४ मिमी, एफ/८, रिंग ३ मीटरवर. पुस्तकी हिशेबाने २४ मिमीला एफ/८ वर २.४ मीटर लावलं की १.२ मीटरपासून अनंतापर्यंत सगळं शार्प. याला हायपरफोकल म्हणतात आणि पोरं ते मंत्रासारखं म्हणतात. पण माझी जोडी लाल मातीत दोन ते सहा मीटरमध्ये फिरत असते. मला अनंताचं काय करायचंय? मागे बसलेले पाहुणे किंचित सॉफ्ट आले तर बिघडत नाही. म्हणून ३ मीटर लावतो, एफ/४ च्या रेघा बघतो आणि पावणेदोन-दोन ते आठ मीटर एवढ्यावरच भरवसा ठेवतो. मल्ल मातीचा गोळा उडवत अंगावर आले तर एक पाऊल मागे. रिंगला हात लावत नाही.

५० मिमीला ही मोकळीक नाही. तिचं एफ/८ वरचं हायपरफोकल साडेदहा मीटर. ३ मीटरवर लावून एफ/८ ला रेघांच्या हिशेबाने साधारण २.३ ते ४.२ मीटर मिळतात. आणि रात्री एफ/१.८ उघडलंत तर एकूण पट्टा चाळीस सेंटिमीटरच्या आत. एक हात लांब गुडघा आणि चेहरा एकत्र शार्प येणार नाहीत. एफ/१.८ वर स्केल बघून चालत्या माणसाचा फोटो काढायला निघालात तर लेन्स घेऊन माझ्याकडे येऊ नका, २४-२८ मिमीसारखी वाइड लेन्स घेऊन मिरवणुकीला जा.

अनंताच्या पलीकडे

गोकाकच्या धबधब्यासमोर पलीकडच्या काठावर उभं राहून टेलिफोटो (लांबचं जवळ दाखवणारी लेन्स) शेवटच्या टोकापर्यंत फिरवायची आणि घरी येऊन कपाळाला हात लावायचा, हे दर पावसाळ्यात होतं. ऑटोफोकसच्या बऱ्याच टेलिफोटो लेन्स मुद्दाम अनंताच्या पुढे जातात. उन्हात, थंडीत काच आणि धातू आकुंचन-प्रसरण पावतात, म्हणून थोडी जागा राखलेली असते. शिवाय ऑटोफोकसच्या मोटरला शार्प बिंदू ओलांडून परत यायला मोकळी जागा लागते. त्यामुळे आडव्या आठापाशी एखादी इंग्रजी एल अक्षरासारखी खूण असते. अनंत त्या पट्ट्यात कुठेतरी आहे, टोकाला नाही. हा दोष नव्हे.

जुन्या हाताने फिरवायच्या ५० मिमीचं वेगळं. तिची रिंग जिथे टक्कन थांबते तिथेच अनंत हवं. तपासायला गच्चीवर जा. शहापूर-वडगावकडून येळ्ळूरचा गड दिसतो, ते उत्तम लक्ष्य. सकाळी लवकर जा. एप्रिल-मे मध्ये अकरानंतर हवा थरथरते आणि चांगली लेन्सही वाईट दिसते. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, कॅमेरा कठड्यावर टेकवून, लाइव्ह व्ह्यू, म्हणजे मागच्या स्क्रीनवरचं चित्र, मोठं करून बघा. टोकाला शार्प असेल तर लेन्सची पाठ थोपटा.

रिंग आपोआप सरकतेय का

बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बसदीत, त्या जुन्या जैन मंदिरात, गेलात तर मान वर करून छत बघणारच. १२०४ सालचं ते काम, मधोमध कोरलेलं लोंबतं कमळ. तिथे कॅमेरा सरळ वर धरावा लागतो आणि जुन्या लेन्सचं ग्रीस पातळ झालं असेल तर काचेच्या वजनाने रिंग हळूच घसरते. तपासणी अशी: ३ मीटर लावा, लेन्स आभाळाकडे करून एक मिनिट धरा, टकटक करा, आकडा परत बघा. मग जमिनीकडे तोंड करून तेच.

घसरत असेल तर रिंग आणि नळी यांवर मिळून मास्किंग टेपचा एक तुकडा. रंगारी वापरतात ती कागदी टेप, चिकटा मागे सोडत नाही. सेलोटेप लावू नका, उन्हात तिचा गोंद वितळून रिंगच्या खाचांत बसतो. गर्दीत पट्टा, कोपर, पिशवीचं बक्कल लागूनही रिंग फिरते. मिरवणुकीत मी नव्या लेन्सलाही टेप लावतो.

झूम आणि तारेवरची रिंग

झूमचं थोडक्यात. आजच्या बहुतेक झूम लेन्समध्ये झूम बदललं की फोकस सरकतो. म्हणून ७० मिमीवर फोकस पक्का करून २४ वर यायचं, ही जुन्या काळची पद्धत सगळीकडे चालत नाही. आधी झूम ठरवा, मग अंतर लावा. किटमधल्या छोट्या झूमवर तर स्केलच नसतं.

मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यांच्या कित्येक लेन्समध्ये रिंग कुठल्याच दात्याला जोडलेली नसते. ती फक्त तारेतून मोटरला इशारा देते. हळू फिरवली तर कमी, जोरात फिरवली तर जास्त. काही कॅमेरे बंद करून चालू केले की फोकस मूळ जागी जातो. स्क्रीनवर जी अंतराची पट्टी दिसते ती अंदाजापुरती. अशा लेन्सशी भांडू नका. समोर ३ मीटरवर काहीतरी ठेवून ऑटोफोकसने एकदा फोकस घ्या, मग मॅन्युअलवर टाका आणि कॅमेरा बंद करू नका.

टेपने खरी परीक्षा

इतकं सगळं करून भागलं नाही तर अर्धा तास काढा. लागतं काय? सुताराची पाच मीटरची टेप, स्टूल, वर्तमानपत्राचं पान. पान भिंतीला सरळ चिकटवा. बॉडीवरच्या त्या गोल-रेघेपासून पानापर्यंत बरोबर १ मीटर. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं. लाइव्ह व्ह्यू मोठं करून छापील अक्षरावर डोळ्याने फोकस करा, आणि मगच स्केल वाचा. आधी स्केल बघितलंत तर हात आपोआप त्या आकड्याकडे जातो, हे माझं स्वतःचं निरीक्षण. एकदा जवळून लांब, एकदा लांबून जवळ असं तीन-तीन वेळा करा. दोन्ही बाजूंनी येताना आकडा वेगळा पडत असेल तर रिंगमध्ये मोकळी चाल आहे. मग २ मीटर, ३ मीटर, ५ मीटर.

वहीत लिहा. सगळीकडे थोडंथोडं एकाच बाजूला चुकत असेल तर काही उघडायचं नाही. मास्किंग टेपची पट्टी रिंगवर गुंडाळा आणि तुमच्या खुणा पेन्सिलने करा: १, २, ३, ५. माझ्या एका जुन्या ३५ मिमीवर अशी पट्टी कैक वर्षं आहे. कंपनीचे आकडे खाली झाकले गेलेत आणि कुणाला त्यांची आठवणही येत नाही.

अ‍ॅडॉप्टर: कागदाएवढी चूक

जुनी लेन्स नव्या मिररलेसवर अ‍ॅडॉप्टर लावून वापरत असाल तर खरा संशयित तोच. प्रत्येक माउंटपासून, म्हणजे लेन्स जिथे बसते त्या कडीपासून, सेन्सरपर्यंतचं अंतर ठरलेलं असतं. निकॉन एफचं ४६.५ मिमी, कॅनन ईएफचं ४४, एम४२ या जुन्या आट्याच्या माउंटचं ४५.४६ आणि सोनी ईचं १८. म्हणून एम४२ ची लेन्स सोनीवर लावायला अ‍ॅडॉप्टर २७.४६ मिमी जाड हवा. स्वस्तातले अ‍ॅडॉप्टर मुद्दाम किंचित पातळ करतात, कारण जाड झाला तर अनंत मिळणारच नाही आणि गिऱ्हाईक परत येईल. पातळ झाला तर अनंत मिळतं. बिघडतं ते फक्त स्केल, आणि स्केल बघतो कोण?

आपण बघतो. समजा अ‍ॅडॉप्टर ०.१ मिमीने पातळ आहे. झेरॉक्सच्या एका कागदाची जाडी. ५० मिमीच्या लेन्सला आता खरं अनंत स्केलवरच्या २५ मीटरपाशी येतं, म्हणजे चालून जाईल. पण २८ मिमीला तेच अनंत ८ मीटरच्या खुणेवर येतं, आणि स्केलवर ३ लावलं तर फोकस प्रत्यक्षात जवळजवळ पावणेपाच मीटरवर पडतो. चेहरा सॉफ्ट, मागचा माणूस शार्प, दर वेळी मागेच. वरचं लक्षण आठवलं ना? लेन्स जितकी वाइड तितका हा घोळ मोठा. आणि स्केलवर काम करायला आपण नेमकी वाइडच वापरतो.

ओळखायचं कसं? शक्य असेल तर तीच लेन्स तिच्या मूळ माउंटच्या बॉडीवर लावून बघा. जुन्या स्टुडिओत एखादी फिल्म बॉडी धूळ खात पडलेली असतेच. मागची झडप उघडून, शटर उघडं धरून फिल्मच्या जागी दुधी काच किंवा ट्रेसिंग पेपर ताणून धरला की अनंत दिसतं. तिथे बरोबर आणि अ‍ॅडॉप्टरवर चूक, तर निकाल लागला. चांगला अ‍ॅडॉप्टर घ्या. काही अ‍ॅडॉप्टरच्या मागच्या कडीला चार स्क्रू असतात. ती उघडून आत शिम, म्हणजे पातळ चकती, घालता येते, जमतं ते काम. कागद घालू नका. आमच्याकडच्या पावसाळ्यात तो फुगतो आणि मग महिन्यागणिक फोकस बदलतो. आणि शिम फक्त अ‍ॅडॉप्टरच्या आत. कॅमेऱ्याच्या माउंटच्या स्क्रूला हात लावायचा नाही.

इथे थांबा

आता ऐका. पुढच्या गोष्टी दिसल्या तर स्क्रूड्रायव्हर खाली ठेवा.

लेन्स मूळ बॉडीवर, अ‍ॅडॉप्टरशिवाय, अनंताला पोचतच नाही. रिंग फिरवताना वाळू रगडल्यासारखं वाटतं. लेन्स पडली होती आणि आता फोटोची एकच बाजू सॉफ्ट येते. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल चमकतं. पुढची नळी हाताने डावी-उजवी हलते. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात, म्हणजे बुरशी. खानापूर-जांबोटी पट्ट्यातून येणाऱ्या लेन्समध्ये ती फार. तिकडे चार महिने कपाटातलं सगळं ओलसर असतं.

रिंगच्या रबराखाली तीन बारीक स्क्रू असतात, ते सैल केले की स्केल फिरवून अनंत जुळवता येतं, असं तुम्हाला कुणीतरी सांगेल. खरं आहे. पण ते स्क्रू कुठले आणि त्यांच्या शेजारचे कुठले, हे उघडल्यावर कळतं, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. मी एका पावसाळी संध्याकाळी पेपर पसरून ५० मिमी उघडली होती. आतल्या आट्याची नळी, हेलिकॉइड, एक फेरा जास्त फिरली आणि हातात सुटून आली. तिला चढायला एक नाही, कितीतरी तोंडं असतात. ती कुठल्याही तोंडाने गुळगुळीत चढते, पण बरोबर तोंड एकच. सुटली त्या जागी खूण करायला हवी होती, मी केली नव्हती. त्यातच लाइट गेली. मेणबत्तीच्या उजेडात मी पहिल्या तोंडाने चढवली तर अनंत गायब, दुसऱ्याने चढवली तर रिंग अर्ध्यातच अडली. तिसऱ्या खेपेला ती चढताना कच्चकन आवाज आला, आणि पितळेचा बारीक कीस माझ्या बोटाला लागला. ती लेन्स अजून कपाटात आहे, पेपरवेट म्हणून.

रॉकेल, मशीनचं तेल, गंज काढायचा स्प्रे यांतलं काहीही रिंगमध्ये सोडू नका. दोन दिवस रिंग लोण्यासारखी फिरते आणि तिसऱ्या दिवशी तेच तेल काचेवर आणि पात्यांवर पसरतं.

कारागिराकडे देताना "फोकस बघा" एवढंच सांगू नका. तसं सांगितलं की तो ऑटोफोकस तपासून परत देतो. चिठ्ठी लिहा: कुठली बॉडी, अ‍ॅडॉप्टर आहे की नाही, टेपने १, २, ३, ५ मीटरवर स्केलने काय दाखवलं, अनंत टोकाला मिळतं की अलीकडे, लेन्स पडली होती का. पडली असेल तर लपवू नका. लेन्स पाठवताना तुमच्या पेन्सिलच्या खुणांची पट्टी काढून ठेवा, नाहीतर तो तिच्यावरच जुळवत बसेल. खर्च आधी विचारा. साध्या ५० मिमीला दुरुस्ती तिच्या जुन्या बाजारातल्या किमतीच्या निम्म्यावर जात असेल तर मी करत नाही, दुसरी घेतो. आणि परत घेताना दुकानातच लाइव्ह व्ह्यू लावून रस्त्यापलीकडची लांबची पाटी बघा, मगच पैसे द्या.